काळ्या मोटारीचे चार टायर

लातूरला मी डॉक्टर व्हायला गेले होते. निदान नांदेडच्या स्टँडवर मला एसटीत बसवताना अम्मीने शेजारच्या अनोळखी बाईला तसंच सांगितलं, "बेटी डॉक्टर बननेकू जारी." आणि त्या बाईने, मी आत्ताच डॉक्टर झाल्यासारखं, सरकून मला खिडकीची जागा दिली. त्या काळात आमच्या मराठवाड्यात दहावीला ज्याचं गणित आणि शास्त्र बरं निघालं, त्याची ट्रंक लातूरच्या एसटीच्या टपावर चढायचीच. लातूरच्या गल्ल्यांत विजेच्या खांबाखांबावर क्लासचे बोर्ड, आणि घराघरात मुलंमुली भरलेली. जिन्याखालची जागा, जनावरांचा गोठा, धान्याची खोली, जिथे म्हणून कॉट मावेल तिथे विद्यार्थी. पहाटे दूधवाल्याच्या आधी त्या सगळ्या खोल्यांतून सूत्रं पाठ करण्याचा एकच गुणगुणाट उठायचा. मीही त्यात होते. पण महिन्याभरातच माझा जीव रसायनशास्त्रात न अडकता विटांवर उभ्या असलेल्या एका काळ्या मोटारीत अडकला.

ते का, हे सांगायला आधी आमचं नांदेडचं घर सांगायला हवं. पुढे दुकान आणि मागे घर. अब्बा झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवायचे, पंक्चर काढायचे, टायर विकायचे. कॉम्प्रेसरचा घरघराट सुरू झाला की आमचा दिवस सुरू व्हायचा आणि तो बंद पडला की आमच्या कानांना काही तरी हरवल्यासारखं वाटायचं. तापल्या रबराचा वास पडद्यांना, उशांना, शुक्रवारच्या धुतल्या कपड्यांनासुद्धा असायचा. सकाळी अम्मी खिचडी, चिंचेचा खट्टा आणि तळलेले पापड करायची, आणि अब्बा हात रॉकेलने, मग साबणाने, मग नुसत्या पाण्याने धुऊन जेवायला बसायचे, तरी बोटांच्या भेगांतला काळेपणा जायचा नाही. ते फार कमी बोलायचे. शाळेतून आले की मी दुकानात त्यांच्याजवळ बसायची आणि ते माझा अंगठा धरून टायरवर दाबायचे. नख रुतलं की जिवंत रबर. नख घसरलं की मेलेलं. एवढंच शिक्षण, पण ते रोज चालायचं. मी अकरा वर्षांची झाले तेव्हा अम्मी म्हणाली, "अब बडी हो गई, दुकान में नक्को बैठ." त्या दिवसापासून अब्बांत आणि माझ्यात बोलायला विषयच उरला नाही. एकाच घरात, एका पडद्याच्या अंतरावर, आम्ही पाच वर्षं जवळजवळ मुकी काढली.

लातूरला माझी सोय बिराजदारकाकांच्या घरी झाली. काका जनावरांचे डॉक्टर. नोकरीत असताना नांदेडला होते आणि त्यांच्या सरकारी जीपचे टायर आमच्याच दुकानात यायचे. तेवढ्या ओळखीवर अम्मीने मला त्यांच्या हवाली केलं. वरच्या खोलीत आम्ही तिघी मुली होतो. बाकीच्या दोघी मुरुडच्या आणि देगलूरच्या. काकूंच्या स्वयंपाकघरात मला कुणी कधी परकं केलं नाही. मांसमच्छी त्या घरात नव्हती, पण कडक ज्वारीची भाकरी आणि उखळात कुटलेली शेंगांची चटणी अशी असायची की मला घरच्या सालनाची आठवण फक्त शुक्रवारी यायची. चटणी कुटल्याचा आवाज खाली सुरू झाला की वर आमची पुस्तकं आपोआप मिटायची.

क्लासच्या पहिल्या चाचणीत मी नापास झाले. दुसऱ्याही. आयुष्यात आधी कधी नापास झाले नव्हते, त्यामुळे त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पेपर मी ट्रंकेच्या तळाशी ठेवायची आणि अभ्यासाच्या नावाखाली अंगणातल्या गॅरेजच्या पायरीवर जाऊन बसायची. आत ती मोटार होती. काकांच्या वडिलांनी उदगीरच्या एका वकिलाकडून घेतलेली, लांब नाकाची विलायती मोटार. काळा रंग अजून असा, की त्यात तोंड दिसावं. काका दर रविवारी तिचं इंजिन सुरू करायचे, पाच मिनिटं डोळे मिटून ऐकायचे आणि बंद करायचे. पण तिच्या चारही टायरांची सालपटं निघाली होती, म्हणून ती विटांवर उभी होती. काकांचा मुलगा महेशदादा त्या गॅरेजकडे वेगळ्या नजरेने बघायचा.

"बाबा, सहा कॉट बसतात या जागेत," तो जेवताना म्हणायचा. "अख्खं लातूर पोरांना जागा द्यायलंय, अन् आपण लोखंड सांभाळायलोय."

काकांनी शेवटी शब्द दिला. दिवाळीपर्यंत मोटार स्वतःच्या चाकांवर उभी राहिली तर ती चाकूरच्या शेतावर नेऊन शेडमध्ये ठेवायची, नाही तर भंगारवाल्याला बोलवायचं. त्या संध्याकाळी ते गॅरेजच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले.

"रेहाना, तू टायरवाल्याची ना गं? मग सांग, हिला कोणते टायर घालू?"

उत्तर येईल असा प्रश्न मला कुणी विचारल्याला कित्येक महिने झाले होते. मी रिमवर कोरलेलं माप पुसून वाचलं आणि अब्बांना पत्र लिहिलं. घर सोडल्यापासूनचं पहिलं.

आठव्या दिवशी उत्तर आलं. अब्बांची शाळा उर्दूतली, तेव्हा पत्र उर्दूत. मला उर्दू येत होतीच. पण काकाही निजामाच्या राजवटीत शिकलेले, त्यांनी चष्मा लावून ते पत्र अंगणात मोठ्याने वाचलं, आणि काकू चटणीचं मुसळ हातात धरून ऐकत राहिल्या. मी पत्र लिहीत होते तेव्हाच महेशदादाने ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे दोन टायर आणून ठेवले होते आणि मी तेही कळवलं होतं. माप अगदी तेच, आणि आमच्याकडे कुठेही मिळणारे. अब्बांनी लिहिलं होतं, 'माप जुळलं म्हणून टायर जुळत नाही. ट्रॅक्टरचा पुढचा टायर ढेकळांत वळण्यासाठी बनवलेला असतो. त्याला पळवलं तर तो तापतो आणि फाटतो. डॉक्टरसाहेबांना सांग, हे टायर परत द्यावेत.' महेशदादा तोंड पाडून ते टायर घेऊन गेला.

मग काका हैदराबादला गेले आणि चार टायर घेऊन आले. त्यांच्या बाजूवर पांढरा पट्टा होता. कधीच न वापरलेले, कुणाच्या तरी गोदामात वर्षानुवर्षं कागदात गुंडाळून ठेवलेले, मोटार नवी असताना तिला असायचे तसेच. काकांनी एक टायर रिमला टेकवून धरला आणि मागे सरकून पाहिलं. तसं खूष झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी कळवल्यावर अब्बांचं दुसरं पत्र आलं : 'न वापरलेला टायर नवा असतो असं नाही. उन्हात ने, बाजूवर गुडघा देऊन वाकव आणि घडीत बघ. वास घे. नख लाव. मग तुला जे दिसेल ते डॉक्टरसाहेबांना खरं सांग. मला विचारू नकोस.' मी उन्हात नेला, वाकवला. घडीत केसाएवढ्या भेगा उघडल्या, एकीशेजारी एक, वाळलेल्या तळ्यासारख्या. नख घसरलं. मी चारही पाहिले. काका खुर्चीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मेलेत, काका," मी म्हणाले. दुसरा शब्द मला सुचला नाही.

त्यांनी वाद घातला नाही. पांढऱ्या पट्ट्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "जनावराचं मी असंच सांगायचो लोकांना. आज कळलं ऐकणाऱ्याला कसं वाटतं."

तिसऱ्या पत्रात अब्बांनी निवाडा दिला. टायर जीपचे घ्यायचे, पण खोल नक्षीचे नाहीत, सरळ धारींचे, डांबरी रस्त्याचे. जाड नक्षीचा टायर मोटार जड करतो, आणि 'स्टिअरिंग साठ वर्षांच्या माणसाच्या हातात राहणार आहे, हे विसरू नये.' चारही एका जातीचे, एका वयाचे. आत नवी ट्यूब. रिमचा गंज घासून आतून रंग द्यायचा, नाही तर तोच गंज ट्यूब कुरतडतो. टायर मी स्वतः शोधतो आणि दिवाळीआधीच्या रविवारी घेऊन येतो, असं शेवटी. त्या पत्रांत माझ्या अभ्यासाविषयी एक अक्षर नसायचं. मीही लिहायची नाही. पण पंधरा दिवस मी रिम घासले आणि रंगवले, काकांनी मिस्त्री बोलावून ब्रेक नीट करून घेतले, आणि आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या तीन कागदांवर मी आणि अब्बा जेवढं बोललो तेवढं आधीच्या सगळ्या आयुष्यात बोललो नव्हतो.

गणपती बुडाले त्याच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली. काकांच्या घराला फारसं काही झालं नाही. मांडणीवरची भांडी खाली आली, भिंतीला एक तडा गेला, आणि आम्ही तिघी मुली कशा जिना उतरलो ते आजही सांगता येणार नाही. गल्ली माणसांनी भरली होती. उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या आणि प्रत्येक बातमी आधीच्या बातमीपेक्षा वाईट. किल्लारीकडची गावं बसली म्हणे. काकांची थोरली बहीण, आक्का, त्याच भागातल्या एका खेड्यात दिलेली. काका ते ऐकून ओट्यावर बसले ते उठेचनात. फोन बंद. महेशदादा मोटरसायकलवर सगळ्या लातूरभर फिरून आला. जीप नाही, टेम्पो नाही, जे वाहन होतं ते आधीच गेलं होतं किंवा कुणी तरी अडवलं होतं.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी एक मालट्रक थांबला आणि त्यातून अब्बा उतरले. एका हातात अम्मीचा डबा आणि कपड्यांचं बोचकं. मला पाहून ते जागीच उभे राहिले. मी धावत गेले, पण जवळ गेल्यावर मला काय करावं कळेना, आणि त्यांनाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग वळून ट्रकमधून एकेक करून चार टायर खाली सोडले.

"उस्मानभाई, अशा वेळेला टायर?" काका म्हणाले.

अब्बा ओशाळले. "बच्ची की अम्मीने खाना दी, कपडे दी. मेरे हात में क्या था, साब? जो था वो लाया."

गल्लीतच आम्ही काम काढलं. अब्बांनी रिमवरून हात फिरवला, आतला रंग पाहिला आणि नुसतं "हूं" म्हणाले. साबणाचं पाणी लावून, लोखंडी टामीने टायरची कड रिमवर चढवायची. एकाने दाबायचं आणि दुसऱ्याने उचलायचं. महेशदादा पुढे झाला, पण अब्बांनी टामी माझ्याकडे दिली. पाच वर्षांनी मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले होते, तीही भर गल्लीत, सगळ्या शेजारापाजाऱ्यांसमोर. तिसऱ्या चाकाला मी खाली मान घालून म्हणाले, "अब्बा, मुझे डॉक्टर नहीं बनना."

"मालूम है."

"कैसे?"

"तेरे क्लासवालों का कार्ड आता है घर कू. हर महिने."

मी टामी थांबवली. "फिर बोले कायकू नहीं?"

"तू टायर का पूछ रही थी," अब्बा म्हणाले. "सही पूछ रही थी. वो दबा बराबर, कड निकल जाएगी."

तासाभरात मोटार चार चाकांवर उभी राहिली. काकांनी किल्ली महेशदादाला दिली आणि तो चालवायला बसला. काका त्याच्याशेजारी, मागे काकू, मी आणि अब्बा. औशाच्या पुढे रस्त्यावर वाहनांची रांगच रांग होती. आक्काच्या गावाच्या अलीकडे आमचं मागचं चाक बसलं. गावातून ओढून काढलेली माळवदाची, त्या मातीच्या छपरांची, लाकडं रस्त्याकडेला पडली होती, आणि दारं, तुळया, चौकटी, सगळ्यांना वीतवीत लांब जुने खिळे. मोटार तिथेच ठेवून आम्ही चालत गेलो. त्या गावात मी जे पाहिलं ते मी कधी लिहिलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. आक्का जिवंत होत्या. गावाबाहेर एका लिंबाखाली, अंगावर कुणाचं तरी घोंगडं, कपाळापासून पायांपर्यंत माती. त्यांचा मुलगा आणि सून आत ढिगाऱ्याखाली होते. काकांनी आक्कांचा हात धरला तर त्या म्हणाल्या, "चल म्हणू नको मला. माझे येतील अजून बाहेर." काकू त्यांच्याजवळ बसून राहिल्या. शेवटी आक्का आल्या, कशा आल्या ते काकूच जाणोत. काळी मोटार पाहून क्षणभर उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "ही अजून हाय व्हय."

तोवर मी आणि अब्बांनी गावातून आधी परत येऊन, त्यांच्या पिशवीतल्या हत्यारांनी चाक काढून ट्यूब बाहेर घेतली होती. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवावी लागते. कुणी तरी प्यायच्या पाण्याची कळशी पुढे केली, ती अब्बांनी परत पाठवली. "गालाला लाव," ते मला म्हणाले. मी फुगवलेली ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवली. एका जागी बारीक गार फुंकर लागली. तिथेच ठिगळ लावलं. हे चालू असताना आमच्या मागे पाण्याचा टँकर थांबला, त्याचंही पुढचं चाक गेलेलं. त्याच्या मागे औषधांची जीप. ड्रायव्हर उतरून विचारू लागले, "पंक्चर काढता काय हो?"

अब्बांनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मोटारीत आक्कांना आडवं करायला जागा हवीच होती. "साब, तुम जाओ इनको लेको," ते काकांना म्हणाले. "हम बाप-बेटी इधर रुकते."

एका बाभळीखाली आम्ही तीन दिवस काढले. महेशदादा मोटार घेऊन रोज यायचा. लातूरहून ठिगळं, सोल्युशनच्या डब्या आणि काकूंच्या भाकरी आणायचा, जाताना कुणा जखमी माणसाला घेऊन जायचा. दुसऱ्या दिवशी पावसाने झोडपलं तेव्हा निदान डबक्यात पाणी झालं, गालाची गरज उरली नाही. टँकर, ट्रक, लष्कराच्या गाड्या, कुठल्या कुठल्या गावांहून धान्य घेऊन आलेले टेम्पो, सगळ्यांच्या पायांत त्या घरांचे खिळे. मी खिळे पक्कडीने ओढून काढून एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. एक खिळा घडीव होता, फुलासारख्या डोक्याचा, कुणा लोहाराने मन लावून केलेला. तो मी बराच वेळ हातात धरून बसले. अब्बांनी तो माझ्या हातातून घेतला, डब्यात टाकला आणि पुढची ट्यूब माझ्याकडे दिली. मला रडायला आलं तेव्हा त्यांनी हवा भरायचा पंप स्वतःकडे घेतला.

चौथ्या दिवशी परत येताना त्यांनी विचारलं, "डॉक्टर नहीं, तो क्या?"

"मालूम नहीं."

"चलता," ते म्हणाले. "बारावी पूरी कर. बाद में देखेंगे."

अम्मी मात्र हे कळल्यावर माझ्याशी तीन महिने धड बोलली नाही. मी बारावी पास झाले, बेताच्या मार्कांनी; सरकारी तंत्रनिकेतनात पदविका केली आणि मग आमच्या दुकानात बसले, पडद्याच्या अलीकडे. आज ते दुकान मी चालवते. चाकांची सरळ रेषा पाहायचं यंत्र आहे, कॉम्प्रेसर आवाज न करणारा आहे. हल्ली हौशी लोक जुन्या मोटारी घेऊन येतात आणि हटकून पांढऱ्या पट्ट्याचे टायर मागतात. मी त्यांना उन्हात नेते. काही ऐकतात, काही दुसरीकडे जातात.

पण मला लातूरचा उरलेला भाग सांगायचा आहे, कारण मी बारावीच्या परीक्षेपर्यंत काकांकडेच होते. आक्का घरात यायला तयार नव्हत्या. छपराखाली पाय ठेवला की तशाच मागे फिरायच्या. काकूंनी अंगणात बाज टाकली, तर थंडी पडली. एक दिवस आक्का उठून आपणच मोटारीच्या मागच्या सीटवर जाऊन झोपल्या, आणि तिथेच राहिल्या. मोटार चाकूरला गेलीच नाही. महेशदादाने ती गॅरेजमधून काढून अंगणातल्या आंब्याखाली लावली, खिडक्यांना काकूंच्या जुन्या लुगड्याचे पडदे शिवून घेतले. गॅरेजमध्ये कॉट आल्या, मुलं आली. अब्बांचं पत्र आलं : एका जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, तिला दर आठवड्याला थोडी तरी पुढे-मागे सरकवत जा. काकांनी ते वाचून दाखवलं, महेशदादाने ऐकून घेतलं.

दर रविवारी सकाळी तो हवा तपासायचा, मग खिडकीशी वाकायचा. आक्का खाली उतरायच्या नाहीत.

"आक्का, जरा हलिवतो बरं का. मीच हाय. घाबरू नको."

आक्का दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरायच्या. "हाव," म्हणायच्या. "हळू हलीव."

तो खांदा लावायचा, आम्ही तिघी मुली मागून हात लावायचो, गॅरेजमधली मुलं पुस्तकं ठेवून यायची. मोटार वीतभर पुढे जायची आणि थांबायची. आतून आवाज यायचा, "झालं?"

"झालं, आक्का."

मग आक्का सीटवरचे हात सोडायच्या.